फुंकरीचा कुंचला

एअरब्रशला ब्रश म्हणतात खरं, पण त्याला केस नसतात आणि तो कागदाला टेकतही नाही. पेनासारखा हातात धरायचा, कागदापासून बोटभर किंवा वीतभर लांब ठेवायचा आणि वरचा खटका दाबायचा. रंगाचं धुकं बाहेर पडतं आणि कागदावर जाऊन बसतं. कुंचला, बोरू, खडू, कोळसा, सगळ्यांना कागदाशी घसट करावी लागते. हा मात्र लांबूनच काम करतो.

हल्ली तो घ्यावासा वाटणारे बरेच जण दिसतात. कुणाला प्लॅस्टिकची विमानं आणि रणगाडे रंगवायचे असतात, कुणाला हेल्मेट, कुणाला केक, कुणाला नखं. फोनवर शोधायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांतच डोकं गरगरतं. सिंगल अ‍ॅक्शन घ्यायचा की डबल? रंगाची वाटी वर असलेला की बाटली खाली लटकणारा? नोझल ०.२ की ०.५ मिलिमीटर? कॉम्प्रेसर टाकीचा की बिनटाकीचा? खाली कमेंटांमध्ये एकमेकांना खोडून काढणारे दहा सल्ले. ही यादी कुणी एका बैठकीत केलेली नाही. तिच्यातली एकेक ओळ कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतून आलेली आहे, आणि ती अडचण कळली की आपल्याला काय हवंय हे ठरवणं बरंच सोपं जातं. म्हणून जरा मागे जाऊ.

१८७०च्या दशकातली अमेरिका. फोटो काढून घेणं साध्या कुटुंबांनाही परवडायला लागलं होतं, पण हे फोटो असायचे तळहाताएवढे. भिंतीवर टांगायला मोठा फोटो हवा असेल तर छोट्या फोटोवरून सूर्यप्रकाशाच्या मदतीनं मोठी प्रत काढावी लागे. ती प्रत फिकट यायची. चेहरा कुणाचा एवढं कळायचं, पण नजर, केस, कोटाची घडी सगळं पुसट. मग एक कारागीर कोळसा, क्रेयॉन, शाई घेऊन त्या प्रतीवर बसायचा आणि माणूस पुन्हा उभा करायचा. अशा ‘क्रेयॉन पोर्ट्रेट’च्या ऑर्डरी घ्यायला एजंट गावोगाव फिरत. पुष्कळदा फोटोतलं माणूस गेलेलं असे, आणि घरात त्याची तेवढी एकच खूण उरलेली असे. आपल्याकडेही जुन्या घरात दारावर टांगलेले पणजोबा जरा जवळ जाऊन पाहा. फेट्याची कड आणि मिशीचे आकडे कॅमेऱ्यानं टिपलेले असतीलच असं नाही. बरेचदा ते कुणीतरी हातानं ओढलेले असतात.

या कामात सगळ्यात वेळखाऊ काय, तर गाल. गालावर उजेडाकडून सावलीकडे जाताना मधे कुठेही रेघ नसते. क्रेयॉननं ते साधायचं म्हणजे ठिपक्याशेजारी ठिपका देत, बोटानं घासत तासन्‌तास बसायचं. रंग धुक्यासारखा पसरवता आला तर हेच काम काही मिनिटांचं. एअरब्रश जन्माला आला तो या गालांसाठी.

फ्रान्सिस एडगर स्टॅन्ली नावाच्या पोर्ट्रेट करणाऱ्या माणसानं १८७६ साली रंग फवारण्याच्या एका साधनाचं पेटंट घेतलं. तत्त्व अत्तराच्या फवाऱ्याचंच: एका नळीच्या तोंडावरून जोरात हवा गेली की नळीतला द्रव वर खेचला जातो आणि फुटून तुषार होतो. हा स्टॅन्ली आज वेगळ्याच कारणासाठी लोकांच्या लक्षात आहे. त्यानं आणि त्याच्या जुळ्या भावानं पुढे वाफेवर चालणारी ‘स्टॅन्ली स्टीमर’ मोटार काढली, आणि तिच्या एका खास गाडीनं १९०६ साली ताशी २०० किलोमीटरच्या वरचा वेग गाठला. दाबलेल्या वायूकडून काम करून घेण्याचं या माणसाला वेडच असावं.

स्टॅन्लीच्या साधनातून तुषार उडत, पण त्यावर ताबा नव्हता. बारीक रेघ काढायची म्हटलं तर शक्य नाही. ती सोय केली आयोवा राज्यातल्या वेब्स्टर सिटी या छोट्या गावातल्या अ‍ॅबनर पीलरनं. १८७९च्या सुमाराला त्यानं हाताशी असलेल्या जुन्या-सुट्या भागांतून एक यंत्र जुळवलं आणि त्याला नाव दिलं ‘पेंट डिस्ट्रिब्यूटर’. नाव ऐकून वाटेल सरकारी योजनाच आहे. पण आतली करामत पाहण्यासारखी. हवेच्या झोतानं एक इवलंसं चाक गरगर फिरायचं, त्या चाकाला जोडलेली सुई शिवणयंत्राच्या सुईसारखी पुढे-मागे व्हायची, मागे जाताना रंगात बुडायची, पुढे येताना हवेच्या झोतासमोर यायची, आणि झोत तिच्या टोकावरचा रंग उडवून न्यायचा. दर फेरीला सुईवर मावेल तेवढाच रंग. त्यामुळे रेघ हवी तितकी बारीक.

हे यंत्र मागे पडलं असं समजू नका. शिकागोची पाशे कंपनी पुढे अनेक दशकं याच तत्त्वावरचा ‘टर्बो’ एअरब्रश बनवत आली, आणि केसाएवढ्या रेघेसाठी फोटो रिटच करणारे त्याच्यावर जीव टाकत. पण तो सांभाळायला महाकटकटीचा.

पीलरच्या यंत्राला हवा कोण द्यायचं? हातपंप. एका हातानं किंवा शेजारी बसवलेल्या पोराकडून पंप मारायचा आणि दुसऱ्या हातानं गाल रंगवायचा. हा हातपंप आत्ता लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

पीलरला यंत्र करता आलं, विकता आलं नाही. त्यानं हक्क ७०० डॉलरला लिबर्टी वॉकअप नावाच्या गृहस्थाला देऊन टाकले. वॉकअप आणि त्याची बायको फीबी यांनी ते यंत्र आणखी काही वर्षं घासूनपुसून १८८३च्या सुमाराला इलिनॉयमधल्या रॉकफर्ड शहरात कंपनी काढली. ‘एअरब्रश’ हे नाव तिथलं. माझ्या मते या नावात निम्मा धंदा होता. ‘रंगवाटप यंत्र’ चित्रकार विकत घेत नाही, ‘हवेचा कुंचला’ घेतो. दुसरी हुशारी म्हणजे त्यांनी नुसतं यंत्र विकलं नाही, ते चालवायला शिकवणारी शाळा काढली. तिथे शिकलेल्यांपैकी विल्सन अर्विन पुढे अमेरिकन इम्प्रेशनिस्ट चित्रकार म्हणून नावाजला. दिवसा शिकागोत एअरब्रशनं पोर्ट्रेट करायचा आणि संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गाला जायचा. पोटाला एअरब्रश आणि जिवाला कुंचला, ही वाटणी या हत्याराच्या इतिहासात पुढेही वारंवार दिसते.

आज तुमच्या हातात येणारा एअरब्रश मात्र पीलरचा नाही. तो चार्ल्स बर्डिकचा. त्यानं सुई हलवायची भानगडच काढून टाकली. पेनाच्या आकाराची नळी, तिच्या टोकाला निमुळतं छिद्र, आणि त्या छिद्रात बूच म्हणून बसलेली लांब टोकदार सुई. सुई मागे ओढली की छिद्र उघडतं आणि रंग वाहतो. जितकी मागे, तितका जास्त. छिद्राच्या भोवतीनं हवा जाते आणि रंगाला टोकाशीच गाठून त्याचा तुषार करते. शिकागोच्या थेयर अँड चँडलर कंपनीनं हा एअरब्रश १८९३च्या जागतिक प्रदर्शनात मांडला. विवेकानंद ज्या सर्वधर्मपरिषदेत बोलले, ती भरली होती याच प्रदर्शनाच्या निमित्तानं.

डबल अ‍ॅक्शन म्हणजे काय हे इथेच समजून घेता येतं. एकच खटका, पण दोन कामं: खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. दोन्ही वेगवेगळे, दोन्ही एकाच बोटावर. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये बोट फक्त हवा सोडतं. रंग किती यावा ते मागचा किंवा पुढचा स्क्रू फिरवून आधीच ठरवून ठेवायचं. नवशिक्यानं आधी सिंगल घ्यावा, सोपा असतो, असा सल्ला खूप जण देतात. मला तो पटत नाही. एकच रंग मोठ्या भागावर सारखा मारायचा असेल, समजा रणगाड्याचा हिरवा किंवा केकचा गुलाबी, तर सिंगल उत्तम. पण रेघ सुरू होताना बारीक, मधे जाड, संपताना पुन्हा बारीक, हे बोटाला शिकवायचं असेल तर डबलवरच शिकलेलं बरं. आठवडाभर रंग सांडेल, त्यानंतर बोट आपोआप ऐकायला लागतं. खटका आधी दाबायचा मग ओढायचा, आणि थांबताना आधी पुढे सोडायचा मग वर. म्हणजे हवा सगळ्यात आधी सुरू आणि सगळ्यात शेवटी बंद. एवढा एक नियम पाळला तरी निम्मे डाग पडत नाहीत.

वाटी वर की बाटली खाली, हा प्रश्नही हवेचाच आहे. वाटी वर असेल तर रंग स्वतःच्या वजनानं खाली येतो आणि कमी दाबावर काम भागतं. बाटली खाली असेल तर रंग वर खेचून आणायला हवेला जोर लावावा लागतो. म्हणून बारीक कामाला वरची वाटी बरी, आणि मोठं काम किंवा सारखे रंग बदलायचे असतील तर खालची बाटली: एक काढायची, दुसरी लावायची. नोझल ०.३ किंवा ०.३५चं घेतलं की सुरुवातीची दोन-तीन वर्षं दुसरं काही लागत नाही. ०.२ ऐकायला भारी वाटतं, पण त्यात अ‍ॅक्रिलिक रंग पाच मिनिटांत वाळून बसतो आणि मग चित्र बाजूला ठेवून सुई साफ करत बसावं लागतं.

आता हवा.

एअरब्रश विकत घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे पैसे पेनावर उधळून कॉम्प्रेसर उरलेल्या चिल्लरमध्ये बसवणं. इतिहास बघितला तर पेनाचा प्रश्न १८९३ सालीच जवळपास सुटला. नंतरची सव्वाशे वर्षं लोक झगडत होते ते हवेशी.

हवा खरं तर फार लागत नाही. मोटारीच्या टायरात साधारण ३० ते ३५ पीएसआय दाब असतो; एअरब्रशचं बहुतेक काम १५ ते २५मध्ये होतं. जगातले सगळ्यात जुने फवारे तर माणसाच्या छातीच्या भात्यावर चालले. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका गुहेत भिंतीवर तळहात टेकवून त्याच्याभोवती तोंडानं रंग फुंकलेला ठसा सापडला आहे. त्याचं वय किमान ३९,९०० वर्षं. शाळेत दातांच्या ब्रशवर रंग घेऊन, पानाभोवती तुषार उडवून पानाचा आकार काढला असेल, तर तीच युक्ती तुम्हीही केली आहे. तेव्हा दाब मिळवणं ही अडचण कधीच नव्हती. हवा तासभर सारख्याच दाबानं, न धापा टाकता यावी, ही अडचण.

हातपंपावरून कारागीर पायपंपावर आले, म्हणजे दोन्ही हात मोकळे झाले. पण पायानं कितीही एका लयीत दाबलं तरी हवा हेलकावे खात यायची. त्यावर इलाज म्हणजे मधे एक टाकी ठेवायची. पंप टाकीत हवा भरतो, ब्रश टाकीतून हवा घेतो, आणि मधले हेलकावे टाकी गिळते. आजच्या स्वस्त बिनटाकीच्या कॉम्प्रेसरमध्ये नेमकी हीच खोड परत येते. पिस्टनच्या प्रत्येक धक्क्याबरोबर झोत किंचित कमी-जास्त होतो, आणि बारीक रेघ काढायला गेलं की ती ठिपक्याठिपक्यांची येते. तीन लिटरची छोटी टाकी असली तरी हे थांबतं. शिवाय टाकी भरली की मोटर आपोआप बंद पडते. मधली ती शांतता रात्री अकराला फ्लॅटमध्ये काम करणाऱ्याला किती मोलाची असते हे खालच्या मजल्यावरच्यांना विचारा.

काही चित्रकार कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वापरत. आवाज शून्य, वायू कोरडा ठणठणीत. पण खोलीच्या खिडक्या उघड्या हव्यात, आणि सिलिंडर संपला की काम ठप्प. हौशी लोकांनी याहून गमतीचा मार्ग काढला होता, तो म्हणजे गाडीची स्टेपनी. सुट्या टायरच्या व्हॉल्व्हला बसेल असं जोडणं मिळायचं. टायर पेट्रोल पंपावर नेऊन भरायचा, घरी आणायचा, त्याला नळी जोडायची आणि हवा संपेपर्यंत रंगवायचं. (‘स्टेपनी’ हा शब्दही वेल्समधल्या लनेथली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, सुटं चाक पहिल्यांदा विकणारी कंपनी तिथली. तिकडे शब्द जवळपास विसरला गेला, आपल्या डिक्कीत अजून आहे.) आणि मग जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर काढून टाकीला जोडणारे आले. फ्रीज स्वयंपाकघरात रात्रभर चालतो आणि आपण झोपतो, इतका तो मुका असतो. बाजारात ‘सायलेंट’ म्हणून महाग मिळणारे कॉम्प्रेसर बरेचसे याच जातीचे. त्यात तेल असतं, म्हणून हवेबरोबर तेलाचा अंश येऊ नये यासाठी गाळणी लावावी लागते. घरी जुळवणाऱ्यांना एक सांगणं: टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह नसेल तर ती टाकी वापरू नका. दाबाखालच्या पत्र्याशी प्रयोग करायचे नसतात.

मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांचा खरा शत्रू मात्र वेगळा: पाणी. हवा चौपट दाबली की त्याच जागेत चौपट बाष्प कोंबलं जातं. दाबताना हवा तापते, तोवर ते बाष्प म्हणूनच राहतं. टाकीत आणि नळीत हवा थंड झाली की त्याचं पाणी होतं. हिशोब केला तर हवेत पंचवीस टक्क्यांहून जास्त आर्द्रता असली की पाणी सुटायला लागतं, आणि जुलैत आपल्याकडे ती नव्वदच्या घरात जाते. मग दोन तास जीव ओतून केलेल्या गालावर एअरब्रश एक थेंब थुंकतो. म्हणून मॉइश्चर ट्रॅप ही इथे चैन नाही. कॉम्प्रेसरवर दाब कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरबरोबर एक असतोच; पण हवा नळीतही थंड होत जाते, त्यामुळे ब्रशच्या खाली दुसरा छोटा ट्रॅप लावला तर पावसाळाही निभावतो. काम संपल्यावर टाकीच्या बुडाचा स्क्रू उघडून पाणी काढून टाकायचं, नाहीतर टाकी आतून गंजते.

आणि आता तो हातपंप. गेल्या काही वर्षांत मुठीएवढा, चार्जिंगवर चालणारा, ब्रशच्याच खाली बसणारा कॉम्प्रेसर मिळायला लागला आहे. वायर नाही, नळी नाही, आवाज अगदी थोडा. व्हिडिओत फार देखणा दिसतो. पण टाकी नावाला, दाब ठरावीक, आणि हवा पुन्हा हेलकावे खात. नखं आणि केकसाठी तो चालतो. त्यापलीकडे गेलात की तुम्ही वेब्स्टर सिटीत पीलरच्या शेजारी जाऊन बसलेले असता, फक्त पंप मारणारं पोर बॅटरीचं.

एवढं सगळं असूनही एअरब्रशला चित्रकलेच्या घरात कधी पाटावर बसवलं नाही. बर्डिक इंग्लंडला गेला, तिथे त्यानं कंपनी काढली; स्वतः जलरंगात चित्रं करायचा. त्याची एअरब्रशनं केलेली चित्रं रॉयल अ‍ॅकॅडमीनं यांत्रिक साधन वापरलं म्हणून नाकारली, असं सांगतात. मॅन रे हा पुढे फोटोग्राफीत गाजलेला कलावंत पोटासाठी जाहिरातीच्या कामात होता, तिथे त्याच्या हाती एअरब्रश लागला. १९१७ ते १९१९च्या दरम्यान त्यानं ‘एरोग्राफ’ म्हणून चित्रांची मालिकाच केली. कॅनव्हासला स्पर्श न करता चित्र होतंय याचा त्याला कोण आनंद. समीक्षकांना नेमका त्याचाच राग आला. चित्रकाराचा हात दिसला पाहिजे, फटकारा दिसला पाहिजे, ही अपेक्षा, आणि हे हत्यार हात दिसूच देत नाही.

मग ज्यांना हात दिसायला नकोच होता, त्यांनी ते उचललं. जाहिरातवाल्यांनी उचललं. अमेरिकेत ‘एस्क्वायर’ मासिकात जॉर्ज पेटी आणि नंतर अल्बेर्तो वार्गास यांनी एअरब्रशच्या मदतीनं अशा तरुणी रंगवल्या, ज्यांच्या कातडीवर एक छिद्र नाही की सुरकुती नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या नकला बॉम्बर विमानांच्या नाकाडांवर चढल्या. आणि सोव्हिएत रशियात या हत्याराला सगळ्यात भयंकर नोकरी मिळाली. १९३७ साली मॉस्को-व्होल्गा कालव्यावर काढलेला एक फोटो आहे. त्यात स्टालिनच्या शेजारी निकोलाय येझोव्ह उभा आहे, गुप्त पोलिसांचा प्रमुख. लाखोंच्या अटकांवर देखरेख करणारा. १९३९ साली तोच पकडला गेला, १९४०मध्ये त्याला गोळी घातली. त्यानंतरच्या फोटोत स्टालिनच्या शेजारी कालव्याचं पाणी आहे. नुसतं पाणी, शांत. हे काम ब्लेड, शाई, गोंद आणि एअरब्रश घेऊन बसलेल्या कुणा रिटचरनं केलं. डेव्हिड किंग या ब्रिटिश संग्राहकानं असे मूळ आणि बदललेले फोटो वर्षानुवर्षं गोळा केले आणि १९९७ साली ‘द कॉमिसार व्हॅनिशेस’ या पुस्तकात शेजारी शेजारी छापले. ते पुस्तक चाळताना मला येझोव्हची कीव येत नाही. डोक्यात राहतो तो रिटचर. गेलेल्या माणसाला भिंतीवर परत आणण्यासाठी जे हत्यार काढलं, त्यानंच तो भिंतीवरून माणूस काढून टाकत होता. तंत्र तेच: पाणी रंगवताना उजेडाकडून सावलीकडे जाताना मधे रेघ दिसता कामा नये.

इंग्रजीत ‘एअरब्रश करणं’ याचा अर्थ खोटं गुळगुळीत करणं असा होऊन बसला तो या अशा कामांमुळे. ज्या हत्याराचं नावच शिवी झालं, असं दुसरं कुठलं चित्रकलेत नसेल. यात अन्याय आहे. एच. आर. गीगर या स्विस चित्रकारानं एअरब्रश हातात घेऊन हाडं, नळ्या आणि दात यांचं जे जग रंगवलं, त्यातूनच १९७९च्या ‘एलियन’ सिनेमातला तो लांबट डोक्याचा प्राणी जन्मला. तिथे एकही गोष्ट सुंदर करून दाखवलेली नाही. उलट धुक्यासारख्या सावल्यांमुळे ती जास्तच ओली आणि जास्तच खरी वाटते. त्या सिनेमातल्या कामासाठी गीगर आणि त्याच्या सहकाऱ्यांना ऑस्कर मिळालं.

१९९० साली फोटोशॉप आलं आणि त्यात एअरब्रश नावाचं टूल आलं. त्याला नोझल साफ करावं लागत नाही, पाणी काढावं लागत नाही, आणि चुकलं तर ‘अंडू’ आहे. जाहिरातींचं आणि मासिकांचं एअरब्रशवरचं काम दहाएक वर्षांत आटलं. त्यावर पोट असलेले कारागीर एक तर संगणक शिकले किंवा बाहेर पडले. तुमच्या फोनमधलं चेहरा गुळगुळीत करणारं फिल्टर त्याच घराण्यातलं. गालावरची रेघ घालवणं हेच त्याचं काम, फक्त आता त्याला कारागीर लागत नाही.

पण फिल्टरला हेल्मेट रंगवता येत नाही. जिथे वस्तू खरी आहे, वक्र आहे, हातात धरता येते, तिथे कॉम्प्रेसर टिकून राहिला. आणि तो सगळ्यात जोरात कुठे चालतो हे पाहायचं तर पावसाळ्याच्या सुरुवातीला पेणला किंवा लालबागला गणपतीच्या कारखान्यात जावं. ओळीनं पांढऱ्या मूर्ती, मधे कॉम्प्रेसर घरघरतोय, आणि एकजण स्प्रे गन घेऊन एकामागून एक मूर्तीच्या अंगावर कांतीचा रंग चढवतोय. दिवसाला किती मूर्ती होतात हे आता हवेवर ठरतं. मग छोटा ब्रश घेऊन सोंडेच्या वळणाखाली, पोटाच्या कडेला, गालाच्या बाजूला जरा गडद छटा. तीच ती जुनी अडचण, उजेडाकडून सावलीकडे. तिथे फवारा लागतोच.

असल्या कारखान्यातला वारा अंगावर घेऊ नका, एवढं मात्र सांगतो. रंगाचं धुकं कागदावर बसतं तसं फुप्फुसातही बसतं. पाण्यावरचा अ‍ॅक्रिलिक असला तरी तो बिनविषारी असतो प्यायला नव्हे, हुंगायला नव्हे, फक्त लावायला. घरात काम करणार असाल तर बजेटमध्ये कणांसाठीच्या गाळण्या असलेला मास्क आणि खिडकीकडे हवा ओढणारा छोटा पंखा धरा, आणि कॅडमियमचे रंग कधीही फवारू नका. थिनरवर चालणारे रंग वापरायचे असतील तर वाफेसाठी वेगळी गाळणी लागते. हे पैसे कॉम्प्रेसरच्या खालोखाल, पेनाच्या आधी. पेन साधं, ०.३चं, डबल अ‍ॅक्शन, वरच्या वाटीचं. त्याच्या सुट्या सुया आणि नोझल तुमच्या शहरात किंवा ऑनलाइन सहज मिळतात ना, एवढं पाहून घ्यायचं. सुई एकदा तरी खाली पडणारच, आणि ती नेहमी टोकावरच पडते.

कारखान्यात अंगाचा रंग वाळला की मूर्ती आतल्या खोलीत जाते. तिथे आखणीचं काम चालतं, डोळ्यांचं. कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस तिथे बसलेला असतो. हातात तीन-चार केसांचा कुंचला, आणि आखणी करताना तो श्वास रोखून धरतो.